कोऱ्या कागदावरची सही

बँकेत ३६ वर्षं मी सह्या ताडून पाहिल्या. एखाद्या अक्षराची शेपटी नमुन्याहून लांब दिसली, की चेक परत. त्यामुळे निवृत्तीनंतर हुसेन यांच्या घोड्यांचा सेरिग्राफ घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार घोड्यांबद्दल बोलत होता आणि मी खालचा कोपरा न्याहाळत होतो.

पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत वर आलेल्या या माणसाचं मूळ चित्र पेन्शनरला कुठलं परवडायला! सेरिग्राफ त्यातल्या त्यात आवाक्यातला. ताणलेल्या जाळीतून एकेक रंग कागदावर उतरवतात. जितके रंग, साधारण तितक्या जाळ्या. खाली पेन्सिलीनं ४२/१५० असा आकडा, म्हणजे दीडशेतली बेचाळिसावी प्रत. 'ए. पी.' अशी खूण असलेल्या प्रती चित्रकाराच्या स्वतःच्या, त्या या हिशेबाबाहेर. घेणाऱ्यानं त्याही किती, ते विचारावं. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, त्यातली लक्ष्मी आमच्या आजीच्या देवघरात होती. तिचा नंबर कोणी विचारला नाही!

या छंदापायी वाचू लागलो आणि साल्वादोर दालीपाशी अडखळलो. १९७४ साली फ्रेंच कस्टमवाल्यांनी अँडोराकडे निघालेला एक ट्रक अडवला. आत दालीनं सही केलेले ४०,००० कोरे कागद! सही अस्सल, वर चित्र कोणीही, काहीही छापावं.

मला एकदम आमच्या शाखेतल्या एक खातेदार आजी आठवल्या. त्यांनी सह्या करून अख्खं चेकबुक पुतण्याच्या हवाली केलं होतं. दर महिन्याला तो यायचा, मी सही ताडायचो. तंतोतंत. पैसे द्यायचो. एके दिवशी त्या स्वतः पासबुक घेऊन काउंटरशी आल्या. शिल्लक पाहून काही बोलल्या नाहीत, बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. नियमानं माझी चूक नव्हती. रक्कम आणि अक्षर कोणाचं, हे मात्र मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

सेरिग्राफ आता बैठकीत आहे. उन्हापासून लांब, कड न कापता, सही झाकणार नाही असा फ्रेम केलेला. परवा भाजी निवडता निवडता हिनं विचारलं, "अहो, यात घोडे किती आहेत हो?"

मला सांगता येईना. चष्मा शोधून उठलो.