अंथरूण पाहून ‘पाय’ निवडा

फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपची पहिली मीटिंग मेसमध्ये भरते आणि तिच्यात पहिला ठराव पास होतो, “रास्पबेरी पाय घेऊ!” प्रोजेक्ट काय करायचा, हे त्यानंतर ठरतं. मग चौघांचं कॉन्ट्रिब्युशन निघतं, एकजण मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातो आणि तिथे कळतं की माल नाही, किंवा आहे पण भलत्याच भावाने. इकडे सबमिशनची तारीख काही थांबत नाही!

गेल्या काही वर्षांत हे दोनदा घडलंय. म्हणून बोर्ड कसा निवडावा, यावर हा छोटासा लेख. (कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही ‘शॉर्टेज’ला मराठीत ‘तुटवडा’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा घाबरू नका.)

तुटवडा होतो तरी कसा?

पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आला, किंमत ३५ डॉलर. साधारण पत्त्याच्या डावातल्या पत्त्याएवढा, पण लिनक्स चालवणारा पूर्ण कॉम्प्युटर! पुढे नवी मॉडेल्स येत गेली, तरी साधारण ३५ डॉलरचा आकडा कंपनीने बरीच वर्षे टिकवला.

२०२० मध्ये कोरोना आला. मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, तर घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉपवर उड्या टाकल्या. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिपचे कारखाने आधीच बुक झाले होते. त्यात दुष्काळात तेरावा महिना. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळाने वीज गेली आणि चिपचे मोठे कारखाने बंद पडले. १९ मार्च २०२१ रोजी जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. चिप तयार व्हायलाच काही महिने लागतात आणि नवा कारखाना उभा करायला काही वर्षे. त्यामुळे एकदा चुकलेली गाडी लवकर रुळावर येत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रास्पबेरी पायने इतिहासात पहिल्यांदाच दर वाढवला. २ जीबीचा पाय-४ हा ३५ डॉलरवरून ४५ वर गेला. २०२२ मध्ये उद्योगांना आधी माल दिला गेला आणि सुट्टा एक बोर्ड मागणारा विद्यार्थी रांगेत मागे राहिला. २०२३ मध्ये परिस्थिती सुधारली. हुश्श म्हणेपर्यंत दुसरी अडचण आली, ती मेमरीची. एआयच्या डेटा सेंटर्सनी रॅमची मागणी इतकी वाढवली की डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा दरवाढ झाली आणि ४ जीबीचा पाय-५ हा ६० डॉलरवरून ७० वर पोहोचला.

पण याच काळातली एक गंमत बघा. जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीने फक्त ४ डॉलरचा ‘पिको’ आणला आणि ऐन तुटवड्यातही तो मिळत राहिला. का? त्याची चिप जेमतेम २ चौरस मिलिमीटरची आहे. ३०० मिलिमीटरच्या एका सिलिकॉन वेफरमधून अशा सुमारे वीस हजार चिप निघतात. शिवाय तिची २६४ किलोबाइट मेमरी चिपच्या आतच असते, वेगळी रॅम विकत घ्यावीच लागत नाही. म्हणजे प्रोसेसरच्या तुटवड्यातून आणि मेमरीच्या महागाईतून वाचण्याची वाट एकच आहे. जेवढी गरज तेवढीच चिप घ्या.

कॉम्प्युटर हवाय की मायक्रोकंट्रोलर?

दुकानात विचारायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. रास्पबेरी पाय, बीगलबोन ब्लॅक, ऑरेंज पाय हे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर आहेत. त्यांच्यावर लिनक्स चालतं. कॅमेऱ्याने चेहरा ओळखायचा असेल, डेटाबेस ठेवायचा असेल, स्क्रीन जोडायची असेल, तर ते हवेतच.

आर्डुइनो, पिको, ईएसपी-३२ हे मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड. यांच्यावर एकच प्रोग्राम चालतो, पण वीज देताच क्षणात सुरू होतो आणि वीज गेली तरी ऑपरेटिंग सिस्टिम करप्ट होण्याची भानगड नाही. आर्डुइनो युनोमध्ये रॅम फक्त २ किलोबाइट आहे, पण त्याला सहा ॲनालॉग इनपुट आहेत. पायला ॲनालॉग इनपुट एकही नाही! साधा तापमानाचा ॲनालॉग सेन्सर जोडायचा तरी पायला वेगळी चिप लागते. म्हणजे महाग ते सगळ्या बाबतीत भारी, असं अजिबात नाही.

सावित्रीचं उदाहरण

आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे. नेमका तो तुटवड्याचाच काळ होता. समजा, नदीची पातळी मोजून गावाला सावध करणारं यंत्र करायचं आहे. त्याला काय लागेल?

पुलाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर. आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ गुणिले ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटर, भागिले दोन. झालं अंतर! दर पंधरा मिनिटांनी एक भागाकार करायला चार कोअरचा प्रोसेसर कशाला? हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता बॅटरीचं गणित करू, कारण पुरात वीज आधी जाते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. पाय-४ नुसता बसून राहिला तरी साधारण ३ वॉट खातो, म्हणजे २८ तास. मायक्रोकंट्रोलरला मोजमापांच्या मधल्या वेळात झोपवला आणि मेसेज पाठवणाऱ्या मोड्यूलसकट सरासरी ०.१ वॉट धरली, तर ८४० तास, म्हणजे ३५ दिवस. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते म्हणून निम्मं धरा. एकीकडे चौदा तास, दुसरीकडे सतरा दिवस. पाऊस आठवडाभर लागला तर दोघांतलं कोण जागं असेल, हे सांगायला नको. इथे स्वस्त बोर्ड नुसता परवडतो म्हणून घ्यायचा नाही, तोच बरोबर आहे म्हणून घ्यायचा.

दोन प्रॅक्टिकल सूचना. मेसेजसाठी २-जी मोड्यूल घेतलंत तर जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं २-जी नेटवर्कच नाही. आणि पुरात मोबाइल टॉवरही बंद पडू शकतो, म्हणून मेसेजच्या जोडीला जागेवर वाजणारा भोंगा हवाच.

छापील किंमत आणि खरी किंमत

लिनक्सवालाच बोर्ड हवा असेल, तर जाहिरातीतल्या डॉलरवर जाऊ नका. त्यात १८ टक्के जीएसटी मिळवा. मग मायक्रो-एसडी कार्ड, पाय-४ असेल तर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॅप्टर, मायक्रो-एचडीएमआय केबल, हीट सिंक. शेवटी कुरियर. ही सगळी बेरीज करून मगच दोन बोर्डांची तुलना करावी.

पर्यायही बघावेत. पाय झीरो-२ डब्ल्यू हा २०२१ मध्ये १५ डॉलरला आला. रॅम ५१२ एमबी, पण स्क्रीन नसलेल्या बऱ्याच कामांना पुरते. यंत्र एका जागी टेबलावरच राहणार असेल, तर एखादा जुना लॅपटॉप किंवा ऑफिसातून निघालेला थिन क्लायंटही चालतो. पिना हव्यात तर त्याला यूएसबीने एक पिको जोडा. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने केलेला ‘वेगा’ मालिकेतला देशी प्रोसेसर वापरणारा ‘एरीज’ बोर्डही आहे. सर-मॅडमना विनंती की लॅबसाठी त्याचाही विचार व्हावा.

पुण्याचा धडा

सी-डॅकचं नाव निघालंच आहे, तर तिची जन्मकथा इथे फिट बसते. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एक बाहुबली प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर, जे मिळत होते ते, एकमेकांना जोडून कामाला लावले होते.

पुढचा भाग आपल्याला जास्त उपयोगाचा. इन्मॉसचा पुढच्या पिढीचा ट्रान्सप्युटर यायला फार उशीर झाला. सी-डॅक त्याची वाट बघत बसली नाही. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सुपरस्पार्क प्रोसेसर आला, आणि रचनाच अशी ठेवली की दुसऱ्या जातीचा प्रोसेसरही बसवता यावा.

आपल्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. पिनांशी बोलणारा कोड एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बाकीच्या प्रोग्रामने फक्त ‘पातळी किती?’ एवढंच विचारावं. बोर्ड बदलला तर एकच फाइल बदलेल. ही काळजी एकाच कंपनीच्या बोर्डांतही घ्यावी लागते. पाय-५ मध्ये पिनांचं काम वेगळ्या चिपकडे गेलं आणि वर्षानुवर्षे वापरात असलेली जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी त्यावर चालेनाशी झाली.

थोडक्यात

१. आधी काम एका कागदावर लिहा. किती इनपुट, किती वेग, किती वीज.
२. मायक्रोकंट्रोलरवर होतंय का ते बघा. होत असेल तर विषय संपला.
३. नसेल तर कमीत कमी रॅमचा बोर्ड निवडा. न वापरलेली रॅम म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा.
४. आज हातात मिळणारे दोन बोर्ड ठरवा आणि दोन्हींवर चालेल असा कोड लिहा.
५. फोनवर स्टॉक विचारल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू नका.

आपल्यापैकी अनेकांचे पैसे घरच्या भाताच्या शेतीतून नाहीतर आईच्या बचत गटातून येतात. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, “हाच बोर्ड का?” “सगळे घेतात म्हणून” हे त्याचं उत्तर नव्हे. वरच्यासारखं बॅटरीचं एक गणित फळ्यावर मांडून दाखवता आलं, की इंजिनिअरिंग शिकल्याचं सार्थक झालं समजा.

सर्व प्रोजेक्ट ग्रुप्सना मनापासून शुभेच्छा!