उकाड्यात गोठणारं इंजिन

हवेचं तापमान २५ अंश, आभाळ निरभ्र, टाकीत पुरेसं इंधन. तरीही सेस्ना १५२सारख्या एका इंजिनाच्या विमानाची ताकद हळूहळू मंदावू शकते. कारण हवेत इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये साचलेला बर्फ. तिथल्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना दाब उतरतो, शिवाय इंधनाची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं. तापमान २० अंशांहूनही जास्त घसरतं आणि दमट हवेतलं बाष्प थ्रॉटलच्या झडपेवर गोठतं. धोका सर्वांत मोठा असतो तो इंजिन कमी ताकदीवर चालताना, म्हणजे नेमका उतरण्याच्या वेळी.

यावरचा उपाय वैमानिकाच्या हाताशीच असतो. 'कार्ब हीट'ची मूठ ओढली की एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते. पण इंजिन आधी जास्तच खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. नवखा माणूस घाबरून मूठ परत आत ढकलतो. धीर धरायला हवा तो नेमका तेव्हाच! अपघात झालाच, तर तपासनीस पोहोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो.

इंधन संपणं, वळताना वेग घटून पंखांची उचल जाणं हीही अशा अपघातांची नेहमीची कारणं. यंत्र धड असूनही विमानं पडतात. १६ जुलै १९९९च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे पुत्र, धाकटे जॉन केनेडी यांचं पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. धुरकट अंधारात क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. मग भरवसा फक्त उपकरणांचा. त्यांच्या आधारे उडण्याचं केनेडींचं प्रशिक्षण तेव्हा अपुरंच होतं.