गोत्र टाळले, तरीही

नांदेड-लातूरच्या मोंढ्यातील घरांत सोयरीक ठरविताना गोत्र कटाक्षाने पाहिले जाते. अग्रवाल समाजातील एका मेंदूविकाराला मात्र ही दक्षता अडवू शकलेली नाही. आणि अग्रवालांत जैन कुटुंबेही पुष्कळ आहेत. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. भीमसेन सिंघल व सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले.

पहिल्याच वर्षी बाळाचे डोके प्रमाणाबाहेर वाढते. एमआरआयमध्ये मेंदूचे श्वेतद्रव्य सर्वत्र सुजलेले आणि कानशिलाच्या भागात पाण्याच्या गाठी दिसतात. चित्र इतके भयावह, तरी मूल हसते, बोलते! पुढे चाल बिघडते, झटके येतात. बुद्धी मात्र बराच काळ टिकते. कित्येक रुग्ण प्रौढ होतात, ते चाकाच्या खुर्चीत.

दोषी जनुक २००१ मध्ये सापडले. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका. वाहक स्वतः निरोगी असतो. त्याला ओळखते ती रक्तातील जनुकतपासणी. रुग्णाच्या निरोगी भावंडांपैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. स्थळ मोडेल या भीतीने आजारी मूल पाहुण्यांपासून लपविले, की ही तपासणीही राहते. गर्भावस्थेतही निदान होऊ शकते; परंतु त्यानंतरचा निर्णय अहिंसा मानणाऱ्या घराला फार जड जातो. म्हणून ती पत्रिका पाहतानाच व्हावी.