तळला की झालं?

आज आपण खडकीत, मुळेच्या काठी येऊ. इथे गळ टाकून बसणाऱ्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मसाला लावून खरपूस तळायचा, मग काय राहतं त्यात?’

हे अर्धंच खरं आहे. मैलापाण्यातले जंतू आणि कृमी नीट शिजवल्यावर मरतात. पण थोडं वर, दापोडीजवळ, पवना मुळेला मिळते आणि ती येते पिंपरी-चिंचवडच्या वस्तीतून, कारखान्यांच्या पट्ट्यातून. अशा पाण्यात पारा, शिसं, कॅडमियम असलं, तर ती मूलद्रव्यं आहेत. कढईच्या आचेनं ती जाणार कुठे? पारा तर माशाच्या मांसातच बसतो. कातडं, पोटाची चरबी, आतडी काढून टाकली तर चरबीत साठणारी रसायनं थोडी कमी होतात, पाऱ्याला त्यानं फरक पडत नाही. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेला आजार माशांतूनच ताटात आला, आणि ते मासे काही शिळे नव्हते.

‘मासा तर टणटणीत आहे’ हाही पुरावा नव्हे. चिलापी आणि मांगूर घाण पाण्यातही तग धरतात. उन्हाळ्यात प्राणवायू संपून वर तरंगणारी मासळी तर उचलूच नये.

छंद सोडा असं आम्ही म्हणत नाही, गळ खुशाल टाका. पण हा मासा गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या ताटात नको; पाऱ्याचा पहिला फटका वाढत्या मेंदूला बसतो.