डोकेदुखीची गोळी आणि मेंदूचा झटका

डोके दुखले की घ्यायची गोळी म्हणून ॲस्पिरिन घरोघरी माहीत आहे. वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होण्याचे ती थांबवते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. याच क्रियेमुळे रक्तातील प्लेटलेट्स एकमेकींना चिकटेनाशा होतात आणि गुठळी सहज धरत नाही. म्हणूनच मेंदूच्या झटक्यावर तिचा विचार सुरू झाला.

१९९७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, एक अनेक देशांतील, दुसरी चीनमधील. दोन्ही मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. झटक्यानंतर ४८ तासांच्या आत ॲस्पिरिन सुरू केल्यास पहिल्या काही आठवड्यांत दर हजार रुग्णांमागे मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रसंग सुमारे ९ ने कमी झाले. फायदा लहान, पण नक्की आहे.

हे वाचून कोणी घरीच गोळी देऊ नये. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो.

मेंदूच्या देठाला, म्हणजे ब्रेनस्टेमला झटका आला तर धोका आणखी निराळा. मानेच्या वर असलेल्या या भागातून श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांचे नियंत्रण होते. अशा रुग्णाचा हात-पाय लुळा पडेलच असे नाही. एकाएकी गरगरते, उलट्या होतात, एकाचे दोन दिसते, आवाज घोगरा होतो, चालताना तोल एका बाजूला जातो. घरचे म्हणतात, ‘पित्त झाले असेल’, आणि लिंबू सरबत देतात! गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असल्याने ते पाणी किंवा गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते. वर उल्लेखिलेल्या अनेक देशांतील चाचणीतही गिळता न येणाऱ्यांना औषध नळीने, शिरेतून किंवा गुदमार्गाने दिले होते.

तेव्हा तोंडाने काहीही देऊ नका. उलटी होत असल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. ते दिल्यावर ॲस्पिरिन बहुधा २४ तासांनंतर सुरू करतात, म्हणून रुग्णाने आधी कोणती गोळी घेतली आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगा.