साबणाला फेस, पण पायांना सूज

गेल्या उन्हाळ्यात ओपीडीत एक आजी आल्या. हृदय कमजोर, पायांवर पुन्हा सूज. गोळ्या वेळेवर चालू होत्या. ‘‘लोणचं-पापड तर मी कधीच सोडलंय हो, डॉक्टर,’’ त्या म्हणाल्या. पाणी कोणते पिता, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘बोअरचं. सॉफ्टनर बसवलाय ना! आरओ बिघडल्यापासून तेच पितो. सकाळी मात्र जरा खारट लागतं.’’

सॉफ्टनर पाणी निर्जंतुक करत नाही, फक्त त्याचा जडपणा घालवतो. आतले रेझिनचे मणी पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा असलेल्या पाण्यात त्यामुळे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. दोन लिटर प्यायलात, तर जवळजवळ एक ग्रॅम मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. निरोगी माणसाला यातून सहसा त्रास होत नाही. पण हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने हा हिशेब धरायलाच हवा. पाणी उकळल्याने सोडियम जात नाही.

पाणी खारट लागणे ही मात्र बिघाडाची खूण. मणी भरले की यंत्र ते मिठाच्या पाण्याने धुते आणि नंतर साध्या पाण्याने खळबळून काढते. नेमकी तेव्हाच टाकी रिकामी असली, दाब कमी पडला किंवा निचऱ्याची नळी तुंबली, तर मीठ आतच राहते. आजींच्या घरी धुण्याची वेळ रात्री दोनची होती आणि टाकी तेव्हा तळाला गेलेली असे.

अशा वेळी काय पाहावे? टाकी भरलेली असेल अशी वेळ लावावी, नळी साफ करावी आणि धुणे पुन्हा एकदा पूर्ण होऊ द्यावे. नळाची धार बारीक झाली, तर बायपास उघडून पाहा. धार सुधारली तर दोष यंत्रात. आधी गाळणी तपासा. तशीच राहिली तर दोष टाकीत किंवा पाइपात. साबणाला फेस येत नसेल, तर बायपास चुकून उघडा राहिला आहे का, वीज गेल्यावर घड्याळ चुकले आहे का आणि मिठाच्या टाकीत वर कडक पापडी धरून खाली पोकळी झाली आहे का, ते बघा. पापडी लाकडी काठीने हलकेच फोडावी.

पिण्याचा आणि स्वयंपाकाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपावरून घ्यावा. तान्ह्या बाळाची दुधाची पावडरही सॉफ्टनरच्या पाण्यात कालवू नये. पाण्याचा निव्वळ जडपणा अपायकारक नसतो. मात्र बोअरचे पाणी तपासून आणि निर्जंतुक करूनच प्यावे.

आजींची औषधे तीच ठेवली, पिण्याचे पाणी तेवढे बदलले. पुढच्या तपासणीला सूज बरीच उतरली होती. आता रुग्णाला मीठ विचारताना मी पाणीही विचारतो.