संगणकाचे अपडेट फसल्यास काय करावे?

शेतकऱ्याच्या घरी संगणक येतो तो बहुधा मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने. परंतु थोड्याच काळात तो घरच्या कारभाराचा भागीदार होऊन बसतो. दुधाचे हिशेब, मजुरीच्या नोंदी, माती-परीक्षणाचे अहवाल, पीक-कर्ज व विम्याची कागदपत्रे, डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे आणि घरातील कार्यांची छायाचित्रे हळूहळू त्यात साठत जातात. यांपैकी सातबारा पुन्हा काढता येतो. परंतु पाच वर्षे स्वतः टिपलेला जमाखर्च किंवा निवर्तलेल्या वडीलधाऱ्यांचे एकुलते एक छायाचित्र पुन्हा मिळत नाही. म्हणून एखाद्या सकाळी अपडेट पूर्ण न झाल्याची सूचना पडद्यावर दिसते, किंवा संगणक सुरूच होत नाही, तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही.

अशा प्रसंगी सर्वप्रथम जो सल्ला मिळतो तो "फॉरमॅट मारा" हा होय. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कवरील सर्व काही पुसून कोऱ्या पाटीवर नव्याने आरंभ करणे. एका फांदीवर रोग दिसला म्हणून कोणी बाग उपटून टाकीत नाही. फसलेले अपडेट घरची माहिती क्वचितच नष्ट करते; घाईने केलेला उपाय मात्र ती पुष्कळदा नष्ट करतो, ही गोष्ट शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पक्की ध्यानात ठेवावयास हवी.

अपडेट म्हणजे काय?

संगणकाच्या सर्व भागांकडून काम करवून घेणारी जी मूळ कार्यप्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरगुती संगणकांत बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. तीत आढळलेले दोष दूर करण्यासाठी कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुधारणा पाठविते. अमेरिकेतील सकाळी त्या निघतात, त्या वेळी आपल्याकडे रात्र झालेली असते. म्हणून त्या बहुधा बुधवारी आपल्या संगणकात उतरू लागतात. याखेरीज प्रणालीची संपूर्ण नवी आवृत्तीही अधूनमधून येते. मासिक सुधारणा लहान असते, तर नवी आवृत्ती कित्येक जीबींची असते व तिला डिस्कवर बरीच मोकळी जागा लागते.

बिघाड ओळखावा

पिकावरील रोग ओळखल्यावाचून औषध फवारू नये, हा नियम येथेही लागू पडतो. बिघाडाचे साधारणतः तीन प्रकार असतात.

पहिल्या प्रकारात संगणक नेहमीप्रमाणे चालतो, परंतु अपडेट बसत नाही व एक सांकेतिक क्रमांक दिसतो. हा सर्वांत सौम्य प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात अपडेट काही टक्क्यांवर अडून राहते, अथवा केलेले बदल मागे घेत असल्याची सूचना पुनःपुन्हा येते. तिसऱ्या प्रकारात संगणक सुरूच होत नाही. निळा किंवा काळा पडदा येतो.

तिन्ही प्रकारांत पहिले काम एकच. पडद्यावरील मजकूर व क्रमांक जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा, किंवा मोबाइलने त्याचे छायाचित्र काढावे. पुढील सर्व शोध त्या क्रमांकावरून लागतो. तो पुसला गेला म्हणजे अंधारात चाचपडावे लागते.

अपडेट अडल्यासारखे दिसले तरी तत्काळ वीज बंद करू नये. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर हे काम तासन् तास चालू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. दोन-तीन तास वाट पाहूनही काहीच हालचाल दिसली नाही, तरच चालू-बंदचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे.

प्रथम माहिती राखावी

संगणक चालू होत असेल, तर कोणत्याही दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर अथवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप व डाऊनलोड्स हे चार कप्पे प्रथम घ्यावे. हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती पुष्कळदा निराळ्याच कप्प्यात असते. ती शोधून तिचीही प्रत घ्यावी. प्रत घेतल्यावर तिच्यातील चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. बियाण्याची उगवणशक्ती तपासल्यावाचून शहाणा शेतकरी पेरणी करीत नाही. तशीच न तपासलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नये.

नेहमीची कारणे

१. जागेची टंचाई : अपडेट न बसण्याचे हे अगदी नेहमीचे कारण होय. क्रमांकाचा शेवट ८००७००७० असा असेल तर जागा अपुरी आहे असे समजावे. मोठ्या आवृत्तीसाठी सुमारे २० जीबी जागा मोकळी असणे इष्ट असते. जुने चित्रपट व नको असलेले प्रोग्रॅम काढून जागा करावी.

२. चुकीची तारीख : संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी, नाण्यासारखी चपटी बॅटरी आत असते, तिच्यावर बहुधा २०३२ असा अंक असतो. ती संपली की संगणक दरवेळी जुनी तारीख दाखवितो. मग सुरक्षिततेची प्रमाणपत्रे जुळत नाहीत व अपडेट उतरत नाही. हा दोष अल्प खर्चात दूर होतो, परंतु त्याकडे लक्ष जात नाही.

३. अपुरे इंटरनेट : मोबाइलच्या जोडणीवर दिवसाचा वाटा संपला की अपडेट अर्धवट राहते. मोठे अपडेट शक्यतो ब्रॉडबँडच्या ठिकाणी करावे.

४. विजेचा खंड : फाइली बदलल्या जात असताना वीज गेली, तर काही जुन्या व काही नव्या अशी सरमिसळ होते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. टेबलावरचा संगणक असल्यास यूपीएस अथवा इन्व्हर्टर असावा. नसल्यास भारनियमनाची वेळ टाळावी.

५. बाहेरील उपकरणे व अन्य प्रोग्रॅम : प्रिंटर, पेन ड्राइव्ह इत्यादी काढून ठेवावे. वेगळा अँटिव्हायरस बसविला असल्यास तो तात्पुरता बंद करून पाहावा व काम होताच पुन्हा चालू करावा.

या कारणांचा विचार झाल्यावर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा व अपडेट नव्याने करून पाहावे. तरीही न साधल्यास सेटिंग्जमधील विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवावा. त्यानेही काम न झाल्यास माहितगार कार्यकर्त्याने डीआयएसएम व एसएफसी या दोन आज्ञांचा उपयोग करावा. त्या प्रणालीच्या मूळ फाइलींची पडताळणी करून बिघडलेल्या फाइली बदलतात. घरच्या कागदपत्रांना त्या हात लावीत नाहीत. एका वेळी एकच उपाय करावा व त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा योजावा. चार औषधे एकत्र फवारली तर कोणत्या औषधाने गुण आला आणि कोणत्याने पान करपले, हे कळत नाही.

दोन बोधप्रद उदाहरणे

दि. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी एक सुरक्षा-सुधारणा निघाली. असंख्य संगणकांवर ती बसेना व ८००७०६४३ या अंकांनी संपणारा क्रमांक दिसू लागला. त्या क्रमांकाचा अर्थ केवळ "बसविणे फसले" एवढाच होता. खरे कारण असे, की दुरुस्तीच्या साधनांसाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या लहानशा भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. मुख्य डिस्कवर शेकडो जीबी रिकामे असूनही अपडेट बसत नव्हते. हे संगणक एरवी उत्तम चालत होते. त्यांवर फॉरमॅटचा उपाय करणे म्हणजे खळ्याची एक फळी तुटली म्हणून धान्य फेकून देण्यासारखेच झाले असते.

दुसरे उदाहरण याच्या उलट, परंतु तितकेच बोलके आहे. दि. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती निघाली. काही लोकांनी आपले डॉक्युमेंट्स वा पिक्चर्सचे कप्पे पूर्वी दुसऱ्या जागी हलविले होते, पण जुन्या जागी काही फाइली राहिल्या होत्या. नव्या आवृत्तीने जुनी जागा रिकामी समजून पुसली. तक्रारी येताच कंपनीने काही दिवसांतच वितरण थांबविले व दोष काढून १३ नोव्हेंबर २०१८ पासून ते पुन्हा सुरू केले. कंपनीकडे आलेल्या तक्रारींवरून हे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच होते. तथापि ज्या घरावर तो प्रसंग आला, त्या घराची हानी पूर्णच होती. अशा लोकांना संगणकाचा वापर कमीत कमी करण्याचा सल्ला देण्यात आला. कारण पुसलेल्या जागेवर नवे काही लिहिले गेले म्हणजे जुने परत मिळण्याची आशा मावळते. ज्यांच्याकडे प्रत होती, त्यांना मात्र केवळ थोडा खोळंबा सोसावा लागला.

संगणक सुरूच होत नसेल तर

सुरू होण्यात सलग दोन-तीनदा अपयश आले, की विंडोज बहुधा आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. त्यातील ट्रबलशूट व त्यानंतर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स हे पर्याय निवडावे. तेथे प्रथम स्टार्टअप रिपेअर करून पाहावे. गुण न आल्यास अनइन्स्टॉल अपडेट्स निवडून नुकतेच बसलेले अपडेट काढावे. मासिक सुधारणेसाठी क्वालिटी अपडेट व मोठ्या आवृत्तीसाठी फीचर अपडेट असे दोन पर्याय तेथे दिसतात. बिघाड ज्याच्यानंतर झाला, तेच काढावे. मोठी आवृत्ती मागे घेण्याची मुदत सामान्यतः दहा दिवसांची असते. त्या मुदतीत जागा करण्याच्या नादाने विंडोजच्या जुन्या आवृत्तीचा कप्पा पुसू नये, कारण परतीची वाट तोच असतो.

या वेळी संगणक ४८ अंकी किल्ली मागण्याचा संभव असतो. अनेक नव्या लॅपटॉपमधील डिस्क सांकेतिक कुलपात असते आणि तिची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम चालू केला, त्या खात्यात ठेवलेली असते. ते खाते कधी शहरातील मुलाचे, तर कधी विक्रेत्याने परस्पर उघडलेले असते. किल्ली नसेल तर आतील माहिती कोणासही वाचता येत नाही. म्हणून संगणक चांगला चालत असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.

वरील उपायांनी संगणक सुरू झाला नाही, तरी माहिती गेली असे समजू नये. डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकास जोडता येते. किंवा पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी दुसरी प्रणाली चालवून फाइलींची प्रत घेता येते. तद्नंतरच रिसेटचा मार्ग स्वीकारावा. त्यातही "कीप माय फाइल्स" व "रिमूव्ह एव्हरीथिंग" असे दोन पर्याय असतात. पहिल्याने वैयक्तिक फाइली राहतात, परंतु बसविलेले प्रोग्रॅम निघून जातात. हिशेबाचा प्रोग्रॅम व जुन्या मराठी टंकलेखनाची सोय पुन्हा बसवावी लागते. दुसऱ्या पर्यायाने सर्वच पुसले जाते.

दुकानात नेताना

संगणक दुरुस्तीस द्यावाच लागला, तर "आतील माहिती राखून काम करावे, मला विचारल्याशिवाय काही पुसू नये" असे पावतीवर लिहून घ्यावे. टिपून ठेवलेला क्रमांक व आतापर्यंत केलेले उपाय सांगावे. डिस्कच बिघडत चालली असल्यास, म्हणजे ती खटखट आवाज करीत असल्यास, घरी प्रयोग न करता संगणक बंद ठेवावा.

अपडेट बंद ठेवणे हा उपाय नव्हे

एकदा त्रास झाल्यावर अपडेट कायमचे बंद करण्याकडे अनेकांचा कल होतो. हे धोक्याचे आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी एका दोषावर सुधारणा दिली होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम त्याच दोषातून जगभर पसरला व फाइलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. ज्या संगणकांवर ती सुधारणा वेळीच बसली होती, त्यांत त्याला या वाटेने शिरता आले नाही. हंगामाच्या गर्दीत अपडेट काही आठवडे पुढे ढकलण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा, पण अपडेट टाळू नये.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नोंदणी करणाऱ्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा देण्याचे कंपनीने जाहीर केले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. यांतील काही नसल्याने जुन्या संगणकावर विंडोज ११ बसत नसेल, तर तो बिघाड नव्हे. यंत्राची मर्यादा होय. त्यासाठी दुरुस्तीवर पैसे खर्च करू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे, की ज्या घरी संगणक आहे तेथे महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारच्या आधी, माहितीची प्रत घेण्याची सवय लावावी. पुढच्या हंगामाचे बी वेगळे बांधून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. प्रत हाताशी असली म्हणजे फसलेले अपडेट हे अर्ध्या दिवसाचे काम ठरते. नसली म्हणजे तेच अनेक वर्षांच्या नोंदींवर बेतू शकते.